लेपर्ड गेको : बंदिस्त पालीचे आरोग्य आणि पालकाची जबाबदारी

दिल्लीच्या नैर्ऋत्य भागात, इंदिरा गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या शेजारी, दिल्ली विकास प्राधिकरणाने वसविलेले द्वारका हे उपनगर आहे. जवळच्याच पालम येथील वेधशाळेत १० जून २०१९ रोजी ४८ अंश सेल्सिअस इतक्या कमाल तापमानाची नोंद झाली होती. दिल्लीतीलच सफदरजंग वेधशाळेत १ जानेवारी २०२१ रोजी किमान तापमान १.१ अंशापर्यंत उतरले होते. उन्हाळ्यात कूलर किंवा वातानुकूलन यंत्र आणि थंडीत हीटर वापरून येथील रहिवासी ही दोन्ही टोके निभावून नेतात. महानगरांतील सदनिकांत हौसेने पाळल्या जाणाऱ्या लेपर्ड गेको या पालीला मात्र स्वतःसाठी असे काही करता येत नाही. काचेच्या पेटीत तिला जे मिळेल, त्यातच तिला जगावे लागते.

पाळीव लेपर्ड गेकोच्या बहुतेक आजारांचे मूळ जंतूंच्या संसर्गात नसते. ते पेटीच्या चुकीच्या मांडणीत आणि अपुऱ्या आहारात असते. निसर्गात ही पाल ऊब, गारवा, ओलावा आणि अंधार यांची निवड स्वतः करते. बंदिवासात ही निवड तिच्याकडून काढून घेतली जाते. ती तिला पुन्हा उपलब्ध करून देणे हेच तिच्या आरोग्याचे मुख्य सूत्र आहे.

मूळ आपल्याच उपखंडाचे

बाजारात ही पाल 'विदेशी पाळीव प्राणी' म्हणून ओळखली जाते. प्रत्यक्षात तिचे मूळ भारतीय उपखंडातच आहे. कोलकाता येथील एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे अभिरक्षक एडवर्ड ब्लाइथ यांनी १८५४ साली या प्राण्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. त्यासाठी वापरलेला नमुना पंजाबातील मिठाच्या डोंगररांगांमधील होता. हा भाग आज पाकिस्तानात आहे. युब्लेफारिस मॅक्युलेरियस असे शास्त्रीय नाव असलेली ही जात अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि भारताचा वायव्य भाग येथील कोरड्या, खडकाळ प्रदेशात आढळते.

तिच्या जवळच्या नात्यातील जाती भारतात इतरत्रही आहेत. महाराष्ट्र आणि गुजरातमध्ये युब्लेफारिस फुस्कस, तर पूर्व भारतात युब्लेफारिस हार्डविकी ही जात आढळते. सातपुड्याच्या डोंगररांगांतील युब्लेफारिस सातपुराएन्सिस या स्वतंत्र जातीचे वर्णन भारतीय संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केले. २०२२ साली पूर्व घाट परिसरातील युब्लेफारिस पिक्टस या जातीची त्यात भर पडली. ग्रामीण भागात या पाली अत्यंत विषारी असल्याचा समज असून त्या दिसताच मारल्या जातात. त्या पूर्णतः बिनविषारी असून कीटकांवर जगतात.

अमेरिका आणि युरोपमध्ये युब्लेफारिस मॅक्युलेरियसची बंदिवासातील पैदास अनेक दशकांपासून होत आहे. जगभर विकल्या जाणाऱ्या रंगीबेरंगी लेपर्ड गेको या अशा पैदाशीतून आलेल्या असतात.

घरातल्या पालीहून वेगळी

घराच्या भिंतीवर चढणाऱ्या पालीच्या बोटांखाली चिकटून राहण्यासाठी विशिष्ट पापुद्रे असतात. लेपर्ड गेकोला ते नसतात. तिच्या बोटांना केवळ नखे असल्याने ती काचेवर चढू शकत नाही. ती जमिनीवर राहणारी पाल आहे. भिंतीवरच्या पालीला पापण्या नसतात, लेपर्ड गेकोला मात्र हलणाऱ्या पापण्या असतात आणि ती डोळे मिटून झोपते.

पूर्ण वाढलेल्या पालीची लांबी शेपटीसह साधारणतः २० ते २५ सेंटिमीटर आणि वजन बहुधा ४५ ते ८० ग्रॅम असते. तिची जाड शेपटी हे चरबीचे कोठार असते. अन्न मिळेनासे झाले की ती या साठ्यावर निभावते. संकटात ती शेपटी तोडून टाकते. नवी शेपटी फुटते, परंतु ती आखूड, गुळगुळीत आणि फुगीर असते. शेपटी पुन्हा वाढविण्यासाठी शरीराची बरीच शक्ती खर्ची पडते. त्यामुळे पालीला कधीही शेपटीने धरू नये.

ही पाल संधिप्रकाशात आणि रात्री वावरते. दिवसा ती बिळात किंवा दगडांच्या कपारीत असते. जमिनीवर ४५ अंशांची आग असताना काही फूट खाली तापमान बरेच कमी असते. हिवाळ्यातही तेच बीळ तिला गोठवणाऱ्या थंडीपासून वाचवते. वाळवंटी प्रदेशातील प्राणी म्हणून तिला कितीही उष्णता सोसते, हा समज म्हणूनच चुकीचा आहे. ती उष्णता सोसत नाही, तर ती टाळते.

घेण्यापूर्वी कायद्याची माहिती

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये २०२२ साली दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. या दुरुस्तीने अधिनियमातील अनुसूचींची संख्या सहावरून चारवर आणली. धोक्यातील प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील करारात, म्हणजेच 'साइट्स'मध्ये, समाविष्ट असलेल्या प्राण्यांसाठी अनुसूची ४ निर्माण करण्यात आली. असे जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांसाठी केंद्र सरकारने २०२४ साली नोंदणीचे नियम अधिसूचित केले असून ही नोंदणी 'परिवेश' या केंद्रीय संकेतस्थळावरून करावयाची असते. परदेशातून जिवंत प्राणी आणण्यासाठी परकीय व्यापार महासंचालनालयाचा परवाना आणि राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची ना-हरकत आवश्यक असते.

लेपर्ड गेकोच्या बाबतीत एक विशेष अडचण आहे. तिची मूळ जात आणि तिच्या भगिनी-जाती या उपखंडातीलच आहेत. त्यामुळे पेटीतील पाल पैदास केंद्रातील आहे की रानातून पकडलेली, हे केवळ पाहून सांगणे सामान्य ग्राहकाला शक्य नसते. म्हणून खरेदीपूर्वी राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांच्या कार्यालयाकडे लेखी विचारणा करावी. विक्रेत्याकडून पालीच्या उगमाची कागदपत्रे आणि पावती घ्यावी. पाळीव प्राण्यांच्या दुकानांना २०१८ च्या नियमांनुसार राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. ते नोंदणी प्रमाणपत्र पाहण्यास मागावे. कागदपत्रे देण्यास टाळाटाळ होत असेल, तर खरेदी करू नये. रानातील पाल पकडून घरी आणणे सर्वथा टाळावे. ती बंदिवासाच्या ताणाने अन्न सोडते, तिच्या पोटात परजीवी कृमी असण्याची शक्यता अधिक असते आणि प्रत्येक पकडलेल्या पालीने तिच्या मूळ अधिवासातील संख्या घटते.

पेटीची मांडणी

एका पूर्ण वाढलेल्या पालीसाठी किमान ६० सेंटिमीटर लांब आणि ४५ सेंटिमीटर रुंद पेटी लागते. ९० सेंटिमीटर लांबीची पेटी अधिक चांगली. ही पाल जमिनीवरची असल्याने उंचीपेक्षा लांबीला महत्त्व आहे. लांबी जितकी अधिक, तितका पेटीच्या दोन टोकांतील तापमानाचा फरक राखणे सोपे जाते. पेटीला घट्ट बसणारे, जाळीचे झाकण असावे.

पेटीत लपण्याच्या किमान तीन जागा असाव्यात. पहिली उबदार टोकाला, दुसरी थंड टोकाला आणि तिसरी ओलसर. उबदार टोकाला एकच लपण ठेवले, तर सुरक्षितता आणि योग्य तापमान यांपैकी एकाचीच निवड पालीला करावी लागते. भ्यालेली पाल लपून राहणे पसंत करते आणि गारव्याची गरज असूनही उष्णतेतच बसून राहते. अंग पुरते आत मावेल आणि पाठीला छत टेकेल, अशी अरुंद जागा तिला सुरक्षित वाटते. मातीचे फुटके कुंडे किंवा कडा घासलेले कौल यासाठी उत्तम.

तळाला कागदी रुमाल, फरशी किंवा न सुटणारे आच्छादन घालावे. सुटी वाळू, विशेषतः 'कॅल्शियमयुक्त' म्हणून विकली जाणारी वाळू, टाळावी. कीटक पकडताना पाल ती गिळते. कॅल्शियमची उणीव असलेली पाल तर ती मुद्दाम चाटते. वाळू आतड्यात साचून मार्ग बंद होतो आणि त्यातून मृत्यूही ओढवू शकतो.

एका पेटीत एकच पाल ठेवावी. दोन नर एकत्र ठेवल्यास ते एकमेकांना गंभीर जखमी करतात. नर आणि मादी एकत्र राहिल्यास मादीवर सततच्या प्रजननाचा भार पडतो. दोन माद्यांपैकी एक दबून राहते, कमी खाते आणि हळूहळू वाळते. त्या एकमेकींवर चढून झोपतात, हे प्रेमाचे लक्षण मानले जाते. बहुधा ती उबेच्या एकमेव जागेसाठी चाललेली स्पर्धा असते.

तापमानाचे गणित

सरपटणारे प्राणी शरीराची उष्णता स्वतः निर्माण करीत नाहीत. अन्नाचे पचन, रोगप्रतिकारशक्ती आणि हालचाल ही सारी कार्ये बाहेरून मिळणाऱ्या उष्णतेवर चालतात. लेपर्ड गेकोच्या पेटीतील उबदार टोकाच्या पृष्ठभागाचे तापमान ३२ ते ३५ अंश, तेथील लपणाचे सुमारे ३० ते ३२ अंश आणि थंड टोकाचे २४ ते २६ अंश सेल्सिअस असावे. रात्री ते २० अंशांच्या आसपास उतरले तरी चालते, मात्र १८ अंशांच्या खाली जाऊ नये.

उष्णतेसाठी पेटीच्या वर बसविलेला दिवा, प्रकाश न देणारा सिरॅमिक तापक किंवा तळाखाली लावावयाची तापपट्टी वापरली जाते. यांपैकी कोणतेही साधन थर्मोस्टॅटशिवाय वापरू नये. नियंत्रणाविना चालणारी तापपट्टी ४५ अंशांहून अधिक तापू शकते. पाल पोटाकडून उष्णता घेते आणि कातडी भाजेपर्यंत ती तेथून हलत नाही. विजेवर तापणारे कृत्रिम दगड याच कारणासाठी टाळावेत. पेटीच्या काचेवर चिकटविलेला गोल तापमापक फक्त काचेचे तापमान सांगतो. थर्मोस्टॅटचा संवेदक पाल जेथे बसते तेथे असावा आणि पृष्ठभागाचे तापमान इन्फ्रारेड तापमापकाने अधूनमधून तपासावे.

द्वारकेसारख्या ठिकाणी हे गणित ऋतूनुसार बदलते. मे आणि जून महिन्यांत बंद सदनिकेतील हवाच ३५ अंशांच्या वर जाते. अशा वेळी पेटीला थंड टोक उरत नाही. थर्मोस्टॅट तापक बंद करू शकतो, पण खोली थंड करू शकत नाही. घरातील माणसे दिवसभर बाहेर जात असतील आणि वातानुकूलन यंत्र बंद राहणार असेल, तर पेटी घरातील सर्वांत गार, सावलीच्या खोलीत, फरशीलगत ठेवावी. खिडकीतून येणारे थेट ऊन काचेच्या पेटीवर पडू देऊ नये. काही मिनिटांतच आतील तापमान प्राणघातक होऊ शकते. तोंड उघडे ठेवून धापा टाकणे हे उष्माघाताचे लक्षण आहे. अशा पालीला तातडीने गार खोलीत हलवावे. बर्फ किंवा फ्रिजमधील पाणी मात्र वापरू नये.

डिसेंबर आणि जानेवारीत उलट स्थिती असते. दिल्लीतील बहुतेक इमारतींत मध्यवर्ती उष्णताव्यवस्था नसते. रात्री तापक बंद पडल्यास पेटीचे तापमान घातक पातळीपर्यंत उतरते. थंड पडलेल्या पालीच्या पोटातील अन्न पचत नाही, ते कुजू लागते. त्यामुळे तापमान पूर्ववत होईपर्यंत तिला अन्न देऊ नये. वीज गेल्यास पेटीवर जाड चादर घालावी, हवेसाठी फट ठेवावी आणि कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली पेटीच्या एका टोकाला ठेवावी. खोलीत कोळशाची शेगडी पेटवू नये. तिचा धूर आणि कार्बन मोनॉक्साइड वायू पालीइतकाच माणसांनाही जीवघेणा आहे.

ओलावा आणि कात

पेटीतील हवेची आर्द्रता साधारणतः ३० ते ४० टक्के असावी. ओलसर लपणात मात्र ती ७० ते ८० टक्के लागते. झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्याला बाजूने भोक पाडून, कडा घासून, आत ओलसर शेवाळ किंवा ओला कागदी रुमाल ठेवल्यास हे लपण घरच्या घरी तयार होते. आतील ओल दररोज पाहावी आणि बुरशी दिसताच सामग्री बदलावी.

कात टाकण्यापूर्वी पालीचा रंग पांढुरका होतो. निरोगी पाल काही तासांत कात टाकते आणि ती खाऊन टाकते. ओलावा अपुरा असेल, तर बोटांभोवती कातीचे कडे उरते. पुढच्या प्रत्येक कातीबरोबर ते घट्ट होत जाते, रक्तपुरवठा थांबतो आणि बोट झडते. पापणीखाली कात अडकल्यास डोळा सुजतो, पालीला शिकार दिसत नाही आणि ती अन्न सोडते. प्रत्येक कातीनंतर वीसही बोटे आणि दोन्ही डोळे तपासण्याची सवय लावावी. बोटाला कात राहिल्यास पालीला कोमट, उथळ पाण्यात दहा ते पंधरा मिनिटे ठेवून ओल्या कापसाच्या काडीने ती हलकेच सोडवावी. कोरडी कात ओढू नये. डोळ्यातील कात घरी काढण्याचा प्रयत्न करू नये.

उन्हाळ्यात पाण्याच्या कूलरमुळे आणि जुलै ते सप्टेंबर या काळात मोसमी पावसामुळे खोलीतील दमटपणा वाढतो. संपूर्ण पेटीच सतत दमट राहिली, तर कातडीचे आणि श्वसनाचे विकार जडतात. या दिवसांत झाकणाची जाळी मोकळी ठेवावी आणि कूलरचा झोत पेटीवर येऊ देऊ नये.

आहार : जिवंत कीटकच

लेपर्ड गेको फळे, भाज्या किंवा शिजविलेले अन्न खात नाही. रातकिडे, पाळीव जातीची झुरळे, पीठकिड्याच्या अळ्या आणि रेशीमकिड्याच्या अळ्या हा तिचा आहार आहे. कीटकाचा आकार पालीच्या दोन डोळ्यांमधील अंतरापेक्षा मोठा नसावा. वाढत्या वयातील पिल्लांना दररोज आणि पूर्ण वाढलेल्या पालीला आठवड्यातून दोन ते तीन वेळा अन्न द्यावे. न खाल्लेले रातकिडे रात्रभर पेटीत सोडू नयेत. ते झोपलेल्या पालीला चावतात.

कीटकाच्या पोटात जे असेल, तेच पालीला मिळते. म्हणून तिला देण्यापूर्वी २४ ते ४८ तास कीटकांना गाजर, हिरवा पाला आणि धान्याचा कोंडा खाऊ घालावा. पीठकिड्यांची पैदास गव्हाच्या कोंड्याच्या डब्यात घरीही करता येते. केवळ याच अळ्यांवर पालीला ठेवणे योग्य नाही. त्यांत चरबी अधिक असते आणि पाल स्थूल होते. काखेत फुगवटे येणे आणि शेपटी मानेहून फारच जाड होणे ही अतिआहाराची चिन्हे आहेत.

घरात, जिन्यात किंवा बागेत पकडलेले कीटक देऊ नयेत. शहरांतील गृहसंकुलांत झुरळांसाठी आणि डासांसाठी नियमित फवारणी होते आणि त्या कीटकांच्या शरीरात विषाचा अंश असू शकतो. काजवे तर कधीच देऊ नयेत. त्यांच्यातील विष सरड्यांच्या वर्गातील प्राण्यांना ठार करते. ज्या खोलीत पेटी आहे, तेथे कीटकनाशक फवारू नये आणि डासांची उदबत्ती लावू नये. उथळ भांड्यातील पिण्याचे पाणी दररोज बदलावे.

कॅल्शियम : दुर्लक्षित पण निर्णायक

बहुतेक खाद्यकीटकांत कॅल्शियम अत्यल्प आणि फॉस्फरस त्याच्या कित्येक पट असतो. आहारातून कॅल्शियम मिळाले नाही, की रक्तातील त्याची पातळी टिकविण्यासाठी शरीर ते हाडांतून काढून घेते. हाडे मऊ होतात, जबडा रबरासारखा लवचिक होतो, पाय वाकतात, पाल पोट उचलून चालू शकत नाही आणि पुढे अंगाला झटके येतात. पाळीव सरपटणाऱ्या प्राण्यांत हा विकार वारंवार आढळतो आणि तो संपूर्णतः टाळता येण्याजोगा आहे. वाकलेली हाडे मात्र उपचारानंतरही सरळ होत नाहीत.

यावर उपाय सोपा आहे. कीटक डब्यात घालून त्यावर फॉस्फरसविरहित कॅल्शियम कार्बोनेटची बारीक भुकटी चिमूटभर टाकावी आणि डबा हलवून ते लगेच पालीला द्यावेत. हे कॅल्शियम आतड्यातून शोषले जाण्यासाठी ड ३ जीवनसत्त्व लागते. ते भुकटीतून ठरावीक दिवशीच द्यावे, कारण त्याचा अतिरेक मूत्रपिंडांना घातक ठरतो. अ जीवनसत्त्वाचा अभाव झाल्यास डोळ्यांचे विकार होतात. त्यामुळे सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीची बहुजीवनसत्त्व भुकटीही अधूनमधून द्यावी. प्रमाण पशुवैद्यकाकडून ठरवून घ्यावे. माणसांसाठीच्या गोळ्या कुटून देऊ नयेत.

निशाचर पालीला अतिनील प्रकाशाची गरज नाही, असे पूर्वी मानले जात असे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दररोज अल्पकाळ मंद अतिनील प्रकाश मिळालेल्या लेपर्ड गेकोंच्या रक्तात ड जीवनसत्त्वाची पातळी वाढल्याचे दिसून आले. त्यामुळे आता मंद क्षमतेचा अतिनील दिवा आणि त्यापासून दूर जाण्यासाठी सावलीची जागा अशी व्यवस्था सुचविली जाते. काचेच्या खिडकीतून येणाऱ्या उन्हात आवश्यक किरण गाळले जातात, त्यामुळे त्याचा उपयोग होत नाही. रंगद्रव्य नसलेल्या अल्बिनो पाली प्रकाशाला अतिसंवेदनशील असतात. त्यांच्याबाबत अधिक काळजी घ्यावी.

आजाराची चाहूल

सरपटणारे प्राणी आजार लपवितात. लक्षणे डोळ्यांना दिसू लागेपर्यंत बराच काळ गेलेला असतो. म्हणून स्वयंपाकघरातील डिजिटल वजनकाटा हे पालकाचे सर्वांत उपयुक्त साधन आहे. आठवड्यातून एकदा वजन करून वहीत नोंद ठेवावी. पूर्ण वाढलेल्या पालीचे वजन दहा टक्क्यांहून अधिक घटल्यास पशुवैद्यकाकडे जावे. हिवाळ्यात किंवा प्रजननाच्या काळात निरोगी पालही काही आठवडे कमी खाते. वजन स्थिर असेल, तर त्यात घाबरण्याचे कारण नसते.

शेपटी काडीसारखी बारीक होणे, वारंवार पातळ विष्ठा होणे आणि न पचलेले अन्न उलटून पडणे ही क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीच्या संसर्गाची लक्षणे असू शकतात. या संसर्गावर खात्रीशीर उपचार उपलब्ध नाही आणि तो विष्ठेतून इतर पालींना झपाट्याने होतो. म्हणूनच नवी पाल आणल्यास ती किमान तीन महिने स्वतंत्र खोलीत, स्वतंत्र भांडी आणि चिमटे वापरून ठेवावी आणि तिच्या विष्ठेची तपासणी करून घ्यावी.

मादी नराच्या सहवासाशिवायही अंडी घालू शकते. एका वेळी बहुधा दोन अंडी असतात. अंडी घालण्यासाठी ओलसर मातीचा डबा न मिळाल्यास किंवा कॅल्शियम कमी पडल्यास अंडी शरीरात अडकतात. पोट फुगलेली, अस्वस्थपणे उकरणारी आणि अन्न सोडलेली मादी तातडीने पशुवैद्यकाला दाखवावी. नाकातोंडातून बुडबुडे येणे, सुजलेला जबडा, तोल जाणे आणि दहा दिवसांहून अधिक काळ विष्ठा न होणे हीदेखील विलंब न करण्याची लक्षणे आहेत.

रंगाची किंमत

आकर्षक रंगासाठी केलेल्या निवडक पैदाशीचे काही दुष्परिणाम समोर आले आहेत. 'एनिग्मा' या प्रकारातील अनेक पालींना मेंदूशी संबंधित विकार असतो. त्या गोल फिरतात, मान वाकडी करतात आणि शिकारीवरील नेम चुकतात. 'लेमन फ्रॉस्ट' या पिवळ्या-पांढऱ्या प्रकाराला जास्त मागणी होती. तथापि या प्रकारातील बहुतेक पालींना रंगपेशींच्या गाठी होतात. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनाने या गाठींचा संबंध एका विशिष्ट जनुकाशी जोडला. हे जनुक माणसातील त्वचेच्या कर्करोगाच्या अभ्यासातही महत्त्वाचे मानले जाते. अशा विकारांवर पेटीची कोणतीही मांडणी उपाय ठरत नाही. या प्रकारच्या पाली विकत न घेणे हाच त्यावरचा मार्ग आहे.

घरातील माणसांचे आरोग्य

निरोगी दिसणाऱ्या पालीच्या विष्ठेतही साल्मोनेला जिवाणू असू शकतात. पालीला, पेटीला किंवा कीटकांना हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत. पेटी आणि भांडी स्वयंपाकघराच्या ओट्यावर धुऊ नयेत. पाच वर्षांखालील मुले, वृद्ध, गर्भवती स्त्रिया आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या व्यक्तींनी पाल हाताळणे टाळावे.

नवी पाल आणल्यावर पहिले दोन आठवडे तिला हाताळू नये. पुढे तळहात खालून नेऊन तिला स्वतःहून चढू द्यावे. वरून आलेला हात तिला शिकारी पक्ष्यासारखा भासतो. दिवाळीच्या काळात पेटी रस्त्याच्या बाजूच्या खोलीतून आत हलवावी आणि धूर आत येणार नाही याची काळजी घ्यावी.

वीस वर्षांचा निर्णय

योग्य काळजी घेतल्यास लेपर्ड गेको १५ ते २० वर्षे जगू शकते. दहा वर्षांच्या मुलाच्या हट्टासाठी आणलेली पाल, ते मूल शिक्षण संपवून नोकरीसाठी घराबाहेर पडेल तेव्हाही जिवंत असेल. दिल्लीत शासकीय आणि खासगी सेवेतील अनेक कुटुंबांची दर काही वर्षांनी बदली होते. त्या प्रत्येक बदलीत ही पेटी, तिचा तापक आणि कीटकांचा डबा बरोबर न्यावा लागेल. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारे पशुवैद्यक सर्वत्र नाहीत. आपल्या शहरात असे पशुवैद्यक आहेत काय, याची चौकशी पाल आणण्यापूर्वीच करावी.

सांभाळणे अशक्य झाल्यास पाल उद्यानात, रिज परिसरातील जंगलात किंवा माळरानावर सोडून देऊ नये. पेटीत वाढलेली पाल तेथे बहुधा जगत नाही, आणि जगलीच तर तिच्याबरोबरचे परजीवी आणि आजार स्थानिक पालींपर्यंत पोहोचू शकतात. अशा वेळी राज्याच्या वनविभागाशी किंवा मान्यताप्राप्त प्राणी कल्याण संस्थेशी संपर्क साधावा.

ज्यांच्याकडे लेपर्ड गेको आहे, त्यांनी आजच तीन गोष्टी तपासाव्यात : उबदार टोकाचे प्रत्यक्ष तापमान, ओलसर लपणातील ओलावा आणि कॅल्शियमच्या भुकटीच्या डब्यावरील मुदत. ज्यांना ती घ्यावयाची आहे, त्यांनी पेटी आधी आणावी, ती रिकामी ठेवून आठवडाभर दोन्ही टोकांचे तापमान नोंदवावे आणि ते स्थिर राहत असल्याची खात्री पटल्यानंतरच पाल घरी आणण्याचा विचार करावा.